तिच्या रंगांवर राखाडी

मी पडद्यांच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे राखाडी रंगाबद्दल मी जेवढं ऐकलंय तेवढं रंग बनवणाऱ्यांनीही ऐकलं नसेल. गेली काही वर्षं जो येतो तो ग्रे मागत येतो. बायको मोबाइल पुढे करते. त्यात ग्रे भिंत, ग्रे सोफा, ग्रे गालिचा आणि कोपऱ्यात एक बिचारं हिरवं झाड. "असंच हवं." नवरा डोकावतो आणि म्हणतो, "हे घर आहे की दवाखाना?" बायको म्हणते, "तुला त्यातलं काय कळतं!" तेवढ्यात मी फिकट, मधलं आणि गडद अशी कापडाची तीन ठाणं काउंटरवर उलगडते. मग भांडण रंगावरून छटेवर येतं आणि नवरा आपोआप बाहेर पडतो.

मतं तरी किती! जुळ्या मुलांची आई म्हणाली, हातांचे डाग दिसत नाहीत, एवढंच मला पुरे. घरं भाड्याने देणारा एक गृहस्थ म्हणाला, ग्रे घर सगळ्यांना चालतं, कारण ते कुणाचंच वाटत नाही. एक निवृत्त बाई मोठ्या आवाजात म्हणाल्या, "केस राखाडी झाले ते काय कमी होते, की आता भिंतीही?" आणि सगळ्यांत खरं बोलला तो एक म्हातारा. सुनेच्या मागे पिशव्या घेऊन उभा होता. म्हणाला, "राखाडी म्हणजे रंग द्यायचा राहिला." सुनेने डोळे वटारले. मी कापड मोजायच्या निमित्ताने खाली वाकून हसून घेतलं.

माझं मत कुणी विचारत नाही. पगार घेऊन काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या बाईला मत नसतं. पण विचारलंच तर सांगते : तो रंग मला मुळीच आवडत नाही. आणि तरी मी माझं अख्खं घर राखाडी करायला काढलं, कारण मला एका बाईचा हेवा वाटत होता. ती बाई जिवंतही नव्हती. जिवंत असती तर भांडून मोकळी झाले असते.

ती म्हणजे आमच्या ह्यांची आधीची बायको.

लग्नाचं वय उलटून गेल्यावर माझं लग्न झालं. हे दातांच्या कवळ्या बनवतात. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, हे त्यावरून दात घडवतात. शांत माणूस. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. मी आले तेव्हा घरात सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं तिचं होतं. भांडी हळूहळू बदलली. चादरी बदलल्या. तिचा फोटो मी स्वतः पुसत असे. फोटोशी माझं काही वाकडं नव्हतं. माझं वाकडं होतं ते भिंतींशी.

बैठकीची खोली पिकलेल्या पपईच्या रंगाची. झोपायची खोली मोरपंखी. मधला बोळ गडद गुलाबी, स्वयंपाकघर झगझगीत पिवळं. सकाळी डोळे उघडले की समोर तिची मोरपंखी भिंत. चहा करायला गेले की तिचं पिवळं. पडदे तर काही विचारू नका. आयुष्यभर लोकांच्या भिंतींना पडदे जुळवून दिले, पण त्या पपईपुढे माझा एकही पडदा टिकेना. जे लावावं ते भाड्याने आणल्यासारखं दिसे. शेवटी तिचेच जाडजूड पडदे पुन्हा लटकवले. खिडकीपासून थेट कोपऱ्यापर्यंत, निम्मी भिंत झाकणारे. घरभर तिची ती चित्रं, ती कापडी लटकणी, ती उंच कपाटं. एक हात रिकामी भिंत म्हणून सापडायची नाही.

आणि वर नणंद. महिन्यातून एकदा येणार, चपला काढता काढता भिंतीवरून हात फिरवणार आणि म्हणणार, "वहिनीची हौस ती हौस! काय घर सजवलं होतं पोरीने!" वहिनी म्हणजे ती. मी "नवी वहिनी". चार वर्षं झाली तरी माझं नवेपण सरेना. मी हसून चहा टाकायची आणि आत साखरेचा डबा असा आपटायची की झाकण उडून ओट्याखाली जायचं.

हेवा वाईट असतो वगैरे मला सांगू नका. मला जळायला कारण होतं. मी राहत होते, झाडत होते, पुसत होते आणि कौतुक दुसरीचं होत होतं. तिचे रंग जोवर भिंतीवर आहेत तोवर हे घर माझं होणार नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पण "तुमच्या बायकोचे रंग पुसून टाका" असं कसं म्हणणार? इथे दुकान कामी आलं. रविवारी चहा घेताना मी अगदी सहज, काल कुठे गेले होते ते सांगावं तशा आवाजात म्हटलं, "घर ग्रे करूया का हो? हल्ली सगळे करतात. दुकानात रोज बघते."

ह्यांनी कप खाली ठेवला. "राखाडी?"

"हो."

त्यांनी एकदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. डाग दिसत नाहीत, खोली मोठी वाटते, विकताना बरं पडतं. एकही लागलं नाही.

"बरं," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. बघते तर चष्मा काढून पुसत उभे. डोळेही पुसले असावेत. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या एका शब्दावर माणूस पाघळला होता. मैदान मारलं म्हणून मी तो आठवडाभर दुकानात मिरवत होते. बरोबरच्या बाईला सांगितलंसुद्धा, "आमचे हे मला कशालाच नाही म्हणत नाहीत." तिने असा सुस्कारा टाकला की मला आणखीच चढलं.

रंगारी आला. बोलका होता. "बाई, आजकाल प्रत्येक घरात हाच डबा उघडतो. संध्याकाळी घरी गेलो की बायकोचा चेहरासुद्धा राखाडी दिसतो." पपईवर हात ठेवून म्हणाला, "हा खालून वर येणार. आधी पांढरं अस्तर द्यावं लागेल, दोन हात."

"तीन द्या," मी म्हटलं.

मी रजा काढून उभी राहिले. पपईवर पहिला पांढरा पट्टा ओढला गेला तेव्हा जो गारवा वाटला तो मला कशानेच कधी वाटला नव्हता. तिची चित्रं उतरवली, लटकणी उतरवली. बैठक झाली, झोपायची खोली झाली, बोळ झाला. स्वयंपाकघर तेवढं राहिलं, कारण रंगाऱ्याच्या घरी काहीतरी निघालं. सोमवारी येतो म्हणाला.

राखाडी घरात पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा, खरं सांगते, मला वाटलं आपण कुठल्या तरी कचेरीत नंबर लावून झोपी गेलोय. पण हे कुणाला सांगणार? शेजारीण बघायला आली, म्हणाली, "छान आहे. थंड वाटतं." तिचं "थंड" मला कळलं. मी म्हटलं, "शांत वाटतं." येईल त्याला मी तेच सांगत होते. शांत. दुकानात गिऱ्हाइकाला गळ्यात मारताना वापरायचे शब्द मी स्वतःलाच विकत होते.

हे कामावरून येत, बैठकीत टेकत आणि पाच मिनिटांत उठून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसत.

नणंद आली. दारातच थांबली, एक चप्पल पायात, एक हातात. "अगं बाई! वहिनीचं सगळं गेलं की!"

या वाक्यासाठी मी चार वर्षं थांबले होते. "गेलं," मी म्हटलं. "जुनं झालं होतं." आणि तिला चहा दिला. या वेळी साखरेचा डबा हळूच ठेवला.

आता एकच राहिली होती, लेक. ती शनिवारी येणार होती. ती मला मावशी म्हणते, वागायला चांगली आहे, कधी वावगं बोललेली नाही. पण पाहुणी जशी दुसऱ्या पाहुणीशी वागते तशी ती माझ्याशी वागते. मला तिची भीतीही वाटत होती आणि तिने बघावं असंही वाटत होतं. आईचे रंग गेलेले बघून रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, पण आतून म्हटलं असतं : आता कळलं ना, घर कुणाचं आहे ते?

ती दुपारी आली. हे अजून कामावर. तिने बॅग खाली ठेवली आणि बैठकीच्या मधोमध उभी राहिली. सगळीकडे बघितलं. मग पुढे होऊन भिंतीला हात लावला, तळहात सपाट ठेवून. मी पदराशी चाळा करत वाट बघत होते.

"हा तर आईचा रंग," ती म्हणाली.

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलतेय. "नाही गं. आईचे खाली गेले. तीन हात अस्तर आहे वर."

"खाली गेले ते बाबाचे." ती वळली. "पपई बाबाची, मोरपंखी बाबाचा. आईला त्यातला एकही सोसायचा नाही. तिला राखाडी हवा होता. दर वेळी रंगकाम काढायचं म्हटलं की घरात रणकंदन. बाबा म्हणायचा, दिवसभर लोकांचे दात बघतो, सगळे पिवळट पांढरे, घरी आल्यावर डोळ्यांना काही नको का? आई म्हणायची, मग तुम्ही सर्कशीत जाऊन राहा. दोघं दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. मी मध्ये निरोप पोचवायची."

"पण तुझी आत्या तर म्हणते, तिने हौसेने..."

"आत्याला काय माहीत? पडदे, चित्रं, ती लटकणी, सगळं आईने भिंती झाकायला लावलं होतं."

आणि मी पडदे विकणारी बाई! खिडकीपेक्षा दुप्पट रुंद पडदा माणूस कशासाठी घेतो, हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ओळखते. इथे तोच पडदा चार वर्षं रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने सरकवत होते आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता.

"शेवटपर्यंत नाही म्हणाला तो तिला," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्हाला? किती दिवस लागले मनवायला?"

खोटं बोलायला हवं होतं. सुचलं नाही. "एक चहा," मी म्हटलं.

"एका चहात?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती नजर मी लगेच ओळखली. तशीच नजर मी चार वर्षं भिंतींवर रोखून होते. पोरगी माझ्यावर जळत होती, आईच्या वतीने. मग ती बॅग उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी एकटीच बैठकीत बसले. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद. तिला उभ्या संसारात जे मिळालं नाही ते मला एका चहात मिळालं होतं! पण तो आनंद पुरता घशाखाली उतरेना. ज्या बाईला घराबाहेर काढायला मी तीन हात अस्तर मारलं, तिला मीच वाजतगाजत भिंतीवर आणून बसवलं होतं. आता तर रंगही तिचाच झाला. आणि ज्यांचे रंग मी पुसले ते चष्मा पुसत गॅलरीत उभे होते आणि मी ते माझं कौतुक समजले होते.

संध्याकाळी हे आले. बाहीवर साच्यांची पांढरी भुकटी. नेहमीप्रमाणे बैठक ओलांडून स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले, चहा ठेवला आणि आधण येण्याआधीच विचारलं.

"लेक म्हणते, राखाडी तिच्या आईचा रंग."

"हं."

"हं काय? खरं का?"

"खरं आहे."

"आणि पपई, मोरपंखी?"

"माझे."

"आवडत होते तुम्हाला?"

"फार," ते म्हणाले.

"मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत? तोंड शिवलं होतं का?"

ते स्टुलावर बसून बाहीवरची भुकटी झटकत राहिले. मी गॅस बंद केला. चहा गेला खड्ड्यात.

"एकच सांगा. बरं म्हणालात ते माझ्यासाठी का तिच्यासाठी?"

"खरं सांगू?"

इथे शहाणी बाई "राहू द्या" म्हणाली असती. मी म्हटलं, "सांगा."

"तू राखाडी म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, तीच परत विचारतेय. तिला नाही नाही म्हणत राहिलो आणि ती गेली. पुन्हा नाही म्हणवेना."

मार लागावा तसं झालं. वाटलं होतं, मी मागितलं आणि मला मिळालं. मी मागितलंही नव्हतं आणि मला मिळालंही नव्हतं. तिने मागितलं, तिला मिळालं. मी नुसती निरोप पोचवणारी.

आणि मग मला ज्याचा हेवा वाटला तो ऐकून तुम्ही हसाल. मला त्यांच्या भांडणांचा हेवा वाटला. सर्कशीत राहा म्हणणारी ती, हट्टाने पपई फासणारे हे, दोन दिवसांचा अबोला, मध्ये धावणारी पोर. माझ्याशी एकदाही असं झालं नव्हतं. बाहेर जेवूया? बरं. टीव्ही बंद करू? बरं. तुमच्या बहिणीला पुढच्या महिन्यात या म्हणून सांगा. बरं. आणि मी मूर्ख ते दुकानात सांगत फिरत होते! "नाही" म्हणण्याइतकी मी त्यांना जवळची झालेच नव्हते. चार वर्षं मी पाहुणी होते आणि हे माझी सरबराई करत होते.

"सोमवारी रंगारी येतोय," मी म्हटलं. "हे स्वयंपाकघरही राखाडी करायचं."

"बरं."

"बरं म्हणू नका!" माझा आवाज एवढा चढला की मीच दचकले. "मी ती नाही. मी मी आहे. तिचं देणं मला देऊ नका. हे पिवळं तुम्हाला आवडतं की नाही?"

"आवडतं."

"मी ते घालवणार. अगदी तळघरासारखं करणार. आता काय म्हणता?"

ते पिवळ्या भिंतीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. चार वर्षांत पहिल्यांदा ते मला नीट बघत होते असं मला वाटलं. त्यांचे कान लाल झाले.

"नाही," ते हळूच म्हणाले.

"काय? ऐकू आलं नाही."

"नाही म्हटलं ना!" हे उभे राहिले, स्टूल मागे पडलं. "स्वयंपाकघराला हात लावायचा नाही! अख्खं घर मेल्यासारखं करून ठेवलंस, मी काही बोललो? एक बसायला जागा उरलीय, तीही तुझ्या डोळ्यांत खुपते? तुला तरी आवडतो का तो राखाडी?"

"मुळीच नाही!"

"मग कशाला फासलास?"

"मला वाटलं पपई तिची होती!"

"विचारायचं होतंस!"

"सांगायचं होतं!"

आतलं दार उघडलं. लेक धावत आली, डोळे सुजलेले, आणि उंबऱ्यात थबकली. बापाचा असा आवाज तिने किती वर्षांत ऐकला नसेल. "काय झालं? बाबा, काय झालं?"

"तुझा बाबा मला नाही म्हणाला," मी सांगितलं. मी चिडलेलीच होते, पण तोंडभर हसू येत होतं, आवरता आवरेना.

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग पडलेल्या स्टुलाकडे, मग बापाकडे. "कशाला?"

"या पिवळ्याला हात लावायला."

तिने नाक मुरडलं. "या बाबतीत आईचं बरोबर होतं. भयंकर आहे हे पिवळं. पण बाबाला आवडतं तर राहू द्या ना, मावशी! तुमचं काय अडलंय?"

"माझं काय अडलंय? सकाळ-संध्याकाळ इथे उभी कोण असते?"

"चहा तर मीच करतो सकाळचा," हे म्हणाले.

"कधी? परवा केलात तो चहा होता?"

दोघं एकदम बोलू लागले, मी दोघांना पुरून उरत होते, आणि शेजारणीने मधल्या भिंतीवर दोनदा थापा मारल्या तरी आमच्यातलं कुणी आवाज कमी केला नाही.